रात्रीच्या घुबड सर्वेक्षणाला निघालेल्या मुलीला: टॉर्च नंतर, आधी कान

जुळे सोलापुरातल्या एका मुलीनं विचारलंय: "प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेय. डिसेंबर ते मार्च मेळघाटात घुबडांच्या सर्वेक्षणासाठी क्षेत्र सहायक म्हणून माझी निवड झाली आहे. रात्री रानपिंगळा शोधायचा असेल असं वाटतंय. रात्रीचं जंगल मी कधी पाहिलेलं नाही. टॉर्च कोणती घेऊ? भीती कशी घालवू? आणि आईला काय सांगू? ती म्हणते, घुबडाच्या मागं रात्री-अपरात्री फिरायचं हे काय काम झालं?"

मी सोलापूरचीच. गेले चौदा हिवाळे सातपुड्यात याच कामासाठी जाते. दरवर्षी गड्ड्याची यात्रा चुकते, नंदीध्वजांची मिरवणूक घरचे फोनवर दाखवतात. वयानं मोठी आहे म्हणून तुला अगं-तुगं करते.

तू तीन प्रश्न विचारलेस, पण त्यांच्या मुळाशी एकच आहे: हे काम मला झेपेल का? अंधार, थंडी, जनावरं यांची सवय पंधरा दिवसांत होते. अवघड आहे ते वेगळंच. एका ठरलेल्या जागी पाच मिनिटं हालचाल न करता उभं राहायचं, काहीही ऐकू आलं नाही तर तक्त्यात शून्य लिहायचं, पुढच्या जागी जायचं, तिथंही शून्य लिहायचं. अशा सलग चार रात्री गेल्या तरी पाचव्या रात्री कान तितकेच उघडे ठेवायचे, आणि चार रात्रींची निराशा भरून काढायला काहीबाही लिहून टाकायचं नाही. हे ज्याला जमतं त्याला सर्वेक्षण जमतं. बाकीचं सगळं शिकवता येतं.

आधी एक दुरुस्ती. रानपिंगळा रात्री शोधत नाहीत. तो बराचसा दिवसा वावरणारा पक्षी आहे. सकाळच्या उन्हात सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसलेला दिसतो, दिवसा शिकार करतो, दिवसा ओरडतो. त्यामुळे तुमच्या प्रकल्पात तो असेल तर त्याची पाहणी पहाटेपासून सकाळपर्यंत आणि दुपार कलल्यावर होईल. रात्रीचं काम बाकीच्या घुबडांसाठी असेल. म्हणजे तुझा दिवस दोन तुकड्यांत मोडणार की फक्त रात्रीचाच असणार, हे टीमप्रमुखाला आत्ताच विचार. झोपेचं सगळं गणित त्यावर ठरतं.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हेही आधीच सांगते. व्याघ्र प्रकल्पाच्या आत रात्री कुठे, किती वाजेपर्यंत आणि कोणाबरोबर थांबायचं हे वनविभागाच्या परवानगीपत्रावर ठरतं. काही ठिकाणी गाडीतून उतरून गाडीशेजारीच उभं राहायची मुभा असते, काही ठिकाणी वनरक्षक सोबत असेल तर ठरलेल्या वाटेनं चालता येतं. सर्वेक्षणाचा हेतूही वेगळा असू शकतो. कोणत्या जाती आहेत एवढंच पाहायचं असेल तर एक पद्धत, किती भागात आहेत हे काढायचं असेल तर दुसरी, घरटी आणि पिल्लं पाहायची असतील तर तिसरी. मी खाली लिहितेय ते ठरावीक बिंदूंवर थांबून ऐकण्याच्या पद्धतीबद्दल आहे. सहायकाच्या वाट्याला बहुतेक वेळा तीच येते.

हिवाळाच का, तर पावसाळ्यात बेडूक आणि रातकिड्यांपुढे काही ऐकू येत नाही, नाले भरलेले असतात, वाटा तुटतात. दुसरं कारण घुबडांचंच. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या घुबडांची वीण थंडीत ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला होते. त्याआधी आणि त्या काळात ती आपली हद्द आवाजानं राखतात, जोडीदाराला साद घालतात. शृंगी घुबड नोव्हेंबर-डिसेंबरात तिन्हीसांजेला जसं घुमतं तसं इतर वेळी क्वचितच घुमत असेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग पानं गाळतो, मग ऐकलेला पक्षी दिसण्याची शक्यताही वाढते. मात्र तेव्हाच जमिनीवर सागाची वाळलेली पानं पसरतात आणि प्रत्येक पाऊल पापड मोडल्यासारखं वाजतं. म्हणून बिंदूवर पोचल्यावर लगेच घड्याळ सुरू करायचं नाही. दोन मिनिटं नुसतं थांबायचं. तू केलेला आवाज जंगलातून विरायला तेवढा वेळ लागतो.

बिंदूवर काय होतं ते सांगते. पोचल्याची वेळ, चंद्र आहे की नाही, ढग, वारा हे आधी लिहायचं. मग पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. काही प्रकल्पांत त्यानंतर ध्वनिमुद्रित साद वाजवतात आणि पुन्हा ऐकतात. साद वाजवायची असेल तर लहान घुबडापासून सुरुवात करून मोठ्याकडे जायचं. मोठं घुबड लहान घुबडाला खातं. शृंगी घुबडाचा आवाज आधी वाजवलास तर शिंगळा घुबड शेजारच्या झाडावर असूनही गप्प बसेल आणि तुझ्या तक्त्यात त्याच्या नावापुढे शून्य येईल. वारा सुटला आणि सागाची पानं खडखडायला लागली तर ती रात्र सोडून द्यायची. अशा रात्रीचं शून्य घुबडांबद्दल काही सांगत नाही, ते फक्त वाऱ्याबद्दल सांगतं.

साद वाजवण्याबद्दल माझं मत कडक आहे. आपण स्पीकर लावतो तेव्हा त्या पक्ष्याला वाटतं, कुणीतरी परका नर हद्दीत शिरला. तो शिकार सोडून येतो, अंडी उबवणारी मादीही बेचैन होते. प्रकल्पाच्या आराखड्यात जितक्या वेळा आहे तितक्याच वेळा वाजवायचं. उत्तर आलं की तिथेच थांबायचं. घरटं माहीत असेल तर तिथे अजिबात नाही. फोटोसाठी, पाहुण्यांना दाखवण्यासाठी, "एकदाच" म्हणून, कधीच नाही. मोबाइलमध्ये घुबडांचे आवाज ठेव, पण ते घरी हेडफोन लावून शिकण्यासाठी.

आवाज शिकायचे कसे? एकदम सगळे नको. सातपुड्यात रात्री हमखास ऐकू येणारे सहा-सात आवाज पक्के कर. शृंगी घुबड खोल, दोन सुरांत घुमतं, "बू-बूऽऽ", दुसरा सूर लांबलेला. शिंगळा घुबडाचा एकच मऊ स्वर असतो, "व्हट्", प्रश्न विचारल्यासारखा, मग काही सेकंद शांतता, मग पुन्हा तोच. नवख्या माणसाला तो बेडूक वाटतो. जंगली पिंगळा सुरुवात सावकाश करतो, मग सूर जवळजवळ येत जातात आणि शेवटी मावळतात. ससाणा घुबड "ऊ-वूक, ऊ-वूक" असं एका लयीत बराच वेळ चालू ठेवतं. वनघुबडाची थरथरती हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कुणी बाई रडते आहे की हसते आहे, कळेना. गव्हाणी घुबड घुमत नाही, ते किंचाळतं आणि फिसकारतं. आणि रातवा हा घुबड नाही, पण तोच तुला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येईल. साधा रातवा ओरडतो तेव्हा फरशीवर गोटी टाकावी आणि ती उसळत उसळत थांबावी असा आवाज येतो. टॉर्चच्या उजेडात वाटेवर तांबडे डोळे चमकले तर आधी रातवा आठव, बिबट्या नंतर.

आपल्या घरचा पिंगळा तर तुला माहीतच असेल. सोलापुरात जुनं कडुलिंबाचं किंवा चिंचेचं झाड असलेल्या कुठल्याही गल्लीत त्यांची जोडी कचकच भांडताना ऐकू येते. पिंगळ्याचा आवाज इतका पक्का कर की झोपेतही ओळखता येईल. ओळखीच्या आवाजाशी ताडून पाहिल्याशिवाय अनोळखी आवाज कळत नाही.

आवाज ओळखण्याहून अवघड म्हणजे दिशा आणि अंतर. घुबडानं मान फिरवली की आवाज लांब गेल्यासारखा वाटतो. दरीत तो समोरच्या कड्यावर आपटून येतो. कितीतरी सहायक होकायंत्रावरचा कोन नीट लिहितात आणि अंतराच्या रकान्यात मनाला येईल तो आकडा टाकतात. याचा सराव तू इथेच करू शकतेस. विजापूर रोडकडच्या एखाद्या मोकळ्या मैदानावर संध्याकाळी मैत्रिणीला घेऊन जा. छोट्या स्पीकरवर घुबडाचा सोडून कुठलाही आवाज लावून तिनं अंधारात पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे मीटरवर उभं राहायचं. तू डोळे मिटून बोटानं दिशा दाखवायची आणि अंतर सांगायचं. मग मोजून बघायचं. पहिल्या दिवशी तुझे अंदाज निम्म्यानं चुकतील. दहा संध्याकाळी केलंस तर चूक किती होते आणि कुठल्या बाजूला होते ते तुला कळेल. कुणी नेहमी कमी सांगतो, कुणी नेहमी जास्त. आपली खोड माहीत असणं हेच मोठं शिक्षण आहे. माझी खोड कमी सांगण्याची आहे, आजही.

आता शून्याकडे येते, कारण माझं सगळं सांगणं त्याच्याभोवतीच आहे.

समज, एका बिंदूजवळ शिंगळा घुबड खरोखर राहतं. एका भेटीत ते ऐकू येण्याची शक्यता दहात चार धरू, फक्त हिशेबापुरती. म्हणजे एका भेटीत ते निसटण्याची शक्यता ०.६. तीन वेगवेगळ्या रात्री गेलीस आणि तिन्ही वेळा ते गप्प राहिलं, असं होण्याची शक्यता ०.६ गुणिले ०.६ गुणिले ०.६, म्हणजे साधारण ०.२२. पाच रात्री गेलीस तर ती ०.०८ च्या आसपास येते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, एकदा जाऊन "इथे घुबड नाही" म्हणता येत नाही. दोन, प्रत्येक रात्रीचं खरंखुरं शून्य हाती असेल तरच हा हिशेब करता येतो. २००२ साली मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत हेच करते. हो-नाहीच्या पुन्हा पुन्हा घेतलेल्या नोंदींवरून, पक्षी असूनही निसटण्याची शक्यता काढते आणि खरा वावर किती भागात असेल याचा अंदाज देते. पण साध्या रूपात ती एक गोष्ट गृहीत धरते: "ऐकलं" असं लिहिलंय तिथे ते नक्की ऐकलं आहे. निसटलेलं घुबड हिशेबात सावरता येतं. न ऐकलेलं घुबड लिहिलं तर ते सावरायची सोय त्यात नाही.

पहिल्या हंगामात मी चुकले. जानेवारीची रात्र होती, नदीकाठची थंडी. सोलापूरच्या हिवाळ्याची सवय असलेल्या माणसाला ती थंडी हाडात शिरते. रात्रीचा शेवटचा बिंदू होता. तीन मिनिटं झाली, काहीच नाही. मी तक्त्यात पाच मिनिटं लिहिली, शून्य लिहिलं आणि गाडीत बसले. महिन्याअखेरीस प्रमुखांनी जीपीएसच्या वेळा तक्त्याशी ताडल्या आणि मला एकटीला बोलावून विचारलं. रागावल्या नाहीत. त्या बिंदूच्या त्या रात्रीच्या नोंदीवर त्यांनी रेघ मारली आणि म्हणाल्या, "ही रात्र आता आपल्याकडे नाही." त्या दोन मिनिटांत घुबड ओरडलं असतं की नसतं, ते कुणालाच कधी कळणार नाही. तेव्हापासून पाच म्हणजे पाच. थांबता आलं नाही तर थांबता आलं नाही असं लिहायचं. त्यासाठी शेऱ्याचा रकाना असतो.

खोटी नोंद किती लांब जाते हे रानपिंगळ्याच्याच गोष्टीत दिसतं. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं. त्यानंतर मोजकेच नमुने, म्हणजे भरून ठेवलेले पक्षी, गोळा झाले, काही आपल्या खानदेशातून, शहादा-तळोदा भागातून. तिथे जेम्स डेव्हिडसन नावाचे ब्रिटिश अधिकारी ते गोळा करत. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाकडे एक नमुना होता. त्यावर लिहिलेलं होतं: १९१४, मांडवी, गुजरात. लोकांनी ते खरं मानलं आणि शोध तिकडे वळवला. हाती काही आलं नाही. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईनं तपासला तेव्हा लक्षात आलं की तो डेव्हिडसन यांनी गोळा केलेलाच नमुना होता. संग्रहालयातून चोरून, वेगळ्या पद्धतीनं भरून त्याला नवी चिठ्ठी लावलेली होती. म्हणजे १९१४ ची नोंद कधी झालीच नव्हती. ती नोंद बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबॉट जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी. आज मेळघाट हे त्याचं महत्त्वाचं घर आहे. एका खोट्या चिठ्ठीनं कितीतरी वर्षं माणसं भलत्याच जंगलात हिंडली. तक्ता भरताना मला दरवेळी ही गोष्ट आठवते.

म्हणून सवय लाव: खात्री असेल तर जात लिही, नसेल तर "घुबड, जात अनिश्चित" लिही आणि आवाजाचं वर्णन कर. शक्य असेल तर ध्वनिमुद्रण ठेव. हल्ली ऑडिओमॉथसारखी लहान ध्वनिमुद्रक यंत्रं झाडाला बांधून रात्रभर आवाज टिपतात. ती चांगली आहेत, पण आवाज कुठल्या दिशेनं आला, दोन पक्षी होते की एकच हलत होता, हे एकट्या यंत्राला सांगता येत नाही. आणि हजारो तासांचं ध्वनिमुद्रण शेवटी कुणाच्या तरी कानानंच तपासावं लागतं.

आता टॉर्च. महागडी, दूरवर झोत टाकणारी टॉर्च एक पुरे, तीही टीमकडे असते. तुला स्वतःला हवी ती डोक्याला बांधायची मंद टॉर्च, तांबड्या उजेडाची सोय असलेली. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोतानं ती सगळी वाया जातात. कुणी तुझ्याकडे पाहताना टॉर्च लावली तर खाली कर म्हणून लगेच सांग, संकोचू नकोस. मोबाइलचा पडदा अगदी मंद ठेव. घुबडावर झोत धरायचाच झाला तर क्षणभर, डोळ्यांवर नाही, बाजूनं. थंडीत सेल लवकर उतरतात, म्हणून जादा सेल आतल्या खिशात अंगाजवळ ठेवायचे. आणि लिहायला पेन नको, पेन्सिल ने. पहाटेच्या दवानं कागद ओलावतो आणि शाई पसरते. माझ्या एका सहकाऱ्याच्या आठवडाभराच्या नोंदी अशाच निळ्या डागांत गेल्या.

कपड्यांबद्दल एवढंच: खसखस न करणारे. तुझ्या जाकिटाच्या नायलॉनचा आवाजच तुला घुबड ऐकू देणार नाही. मी आजही लोकरी स्वेटरवर सोलापुरी चादर गुंडाळून उभी राहते. ती वाजत नाही, आणि बसायलाही होते. घोट्याच्या वर येणारे बूट घे, रात्री निघताना आणि सकाळी घालताना ते झटकायचे. खाण्याचं तुझ्या घरीच आहे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडक भाकरी पंधरा दिवस टिकते, गरम करावी लागत नाही, आणि रात्री दीड वाजता गाडीच्या बॉनेटवर बसून खाल्लेल्या त्या भाकरीची चव दुसऱ्या कशाला नाही. फक्त बिंदूवर नको, दोन बिंदूंच्या मधल्या वाटेवर. कडक भाकरीचा आवाज किती होतो ते मी सांगायला नको.

भीतीबद्दल. ती वाटणारच, आणि वाटू दे. मला वाघाची कधी फार काळजी वाटली नाही. तो माणसाची चाहूल लागताच बहुतेक वेळा बाजूला होतो. मला काळजी अस्वलाची. मार्च उजाडला की मोहाची फुलं गळायला लागतात आणि अस्वलं रात्री त्या झाडांखाली येतात. नाक फुलांत, लक्ष खाण्यात, आपण जवळ जाईपर्यंत त्याला कळत नाही आणि मग ते दचकून अंगावर येतं. त्या दिवसांत मोहाच्या झाडाजवळचा बिंदू आला की सोबतचा वनरक्षक किंवा वनमजूर जे सांगेल ते निमूट ऐकायचं. तो म्हणाला आज इथे उतरायचं नाही, तर उतरायचं नाही. तक्त्यात कारण लिहायचं.

पण सगळ्यात मोठा धोका जनावरांचा नाही, परतीच्या रस्त्याचा आहे. रात्री दोन-तीन वाजता, सगळे दमलेले, घाटाची वळणं, चालक पेंगलेला. टीममध्ये नियम करून घ्या: चालकानं दुपारी झोप काढलेली असलीच पाहिजे, आणि त्याला डोळा लागतोय असं वाटलं तर गाडी बाजूला लावून सगळ्यांनी तासभर झोपायचं. कुणी घाई करणार नाही. माझ्या एका हंगामात गाडी चरात उतरली. कुणाला इजा झाली नाही, पण त्या रात्रीनंतर मी चालकाशेजारी बसते आणि बोलत राहते.

अंधाराची भीती मात्र आवाज ओळखता आले की उतरत जाते. सांबर "ढांक" करून ओरडलं तर छाती धडधडते. ते सांबर आहे, आणि ते खालच्या नाल्यापलीकडे आहे, हे कळलं की धडधड कमी होते. कान शिकतील तशी रात्र मोकळी होत जाईल.

झोप मोडून मोडून घेऊ नकोस. परत आल्यावर त्याच रात्री तक्ते नीट कर, आळस केलास तर सकाळी अर्धं विसरलेलं असेल. मग रोज ठरलेल्या वेळी झोप. पहिला आठवडा डोकं जड राहील, पोट बिघडल्यासारखं वाटेल, कारण शरीर अजून सोलापूरच्या घड्याळावर असेल. दुपारी चहा कमी कर.

मुलगी म्हणून काही गोष्टी आधीच विचारून घे. टीममध्ये आणखी बाई आहे का? राहायची खोली वेगळी आहे का, कडी आतून लागते का? रात्रीच्या फेरीत लघवीला थांबायचं झालं तर सगळ्यांना सांगून थांबायची पद्धत आहे का? पाळीच्या दिवसांत तुला बसून करायचं काम मागता येईल का? विमा आहे का, जेवण-राहण्याचा खर्च कोण करतं, मानधन दर महिन्याला मिळतं की शेवटी? धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे का ते बघ. मच्छरदाणी ने, त्या भागात हिवताप असतो. हे प्रश्न विचारल्यानं तुझी निवड जाणार नाही. जात असेल तर ती टीम तुझ्यासाठी नव्हती.

आणि तिथल्या कोरकू आदिवासी माणसांकडून शिक. कुठल्या सागाला ढोली आहे, कुठल्या ढोलीत गेल्या वर्षी पिल्लं होती, हे त्यांना चालता चालता माहीत असतं. त्यांनी सांगितलेली माहिती तुझ्या वहीत त्यांच्या नावानं लिही, "स्थानिकांकडून कळले" असं मोघम नको. घरट्याची जागा मात्र टीमबाहेर कुणालाही सांगायची नाही, फोटोसोबतही नाही. दिवाळीच्या आसपास अंधश्रद्धेपायी घुबडं पकडली आणि विकली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, पण ढोलीचा पत्ता फुटला तर कायदा तिथे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

पुढे याचं काय होईल, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. हे काम हंगामी आहे. मार्चनंतर करार संपतो आणि पुढच्या डिसेंबरची खात्री कुणी देत नाही. मला टिकता आलं ते उरलेल्या आठ महिन्यांत अहवाल लिहिणं, नोंदी संगणकावर नीट लावणं, नकाशे करणं ही कामं शिकले म्हणून. या चार महिन्यांत जंगलाइतकंच लक्ष त्याकडेही दे.

राहिली आई. तिच्याशी वाद घालू नकोस. तिच्या मनात दोन गोष्टी आहेत, घुबडाचा अपशकुन आणि तुझी रात्र. पहिलीसाठी तिला एका संध्याकाळी सिद्धेश्वर वनविहाराच्या बाजूला किंवा तुमच्या गल्लीतल्याच कडुलिंबाखाली घेऊन जा. सूर्य मावळताना पिंगळ्यांची जोडी ढोलीतून बाहेर येते, माना वरखाली करून बघते, एकमेकांची पिसं साफ करते. दहा मिनिटं नुसतं बघू दे, तू काही समजावून सांगू नकोस. मग तिला पिंगळा जोशाची आठवण करून दे. पहाटे कंदील घेऊन, कुडमुडं वाजवत दारात येणारा, पाखराची भाषा कळते म्हणणारा. तिनं लहानपणी तो पाहिला असेल, निदान तिच्या आईकडून ऐकला असेल. पिंगळा ओरडतो त्या पहाटेच्या आधीच्या वेळेला आपण पिंगळावेळ म्हणतो. हा पक्षी आपल्या घरातलाच आहे, फक्त मधल्या काळात आपण त्याला घाबरायला लागलो. आणि मारुती चितमपल्ली आपल्या सोलापूरचे, वनखात्यात आयुष्य काढलेले. त्यांच्या जन्मदिवसापासून, ५ नोव्हेंबरपासून, सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, १२ नोव्हेंबरपर्यंत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळतात, हेही सांग. आपल्या गावच्या माणसानं हे केलंय म्हटल्यावर माझ्या आईचा आवाज मऊ झाला होता.

दुसरीसाठी परवानगीपत्राची प्रत, टीमप्रमुखाचा आणि मुक्कामाच्या ठिकाणाचा फोन नंबर, सोबतच्या बाईचं नाव, हे सगळं एका कागदावर लिहून तिच्या हातात दे. फक्त "रोज फोन करीन" असा शब्द देऊ नकोस. आत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, आणि ज्या दिवशी तुझा फोन येणार नाही त्या रात्री ती जागी राहील. आठवड्यातले दोन वार ठरवून दे, बाजाराच्या गावी उतरता ते. त्या वारी काहीही झालं तरी फोन कर.